बाहेरून पडणारे थ्री आणि फायनलची मालिका: २०१३ पुन्हा पाहताना

कोपऱ्यातला थ्री (धागाकर्ता)

मंडळी,

गेल्या पंधरा दिवसांत २०१३च्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनलच्या सातही मॅच ओळीने पुन्हा पाहिल्या. मायामी हीट विरुद्ध सॅन अँटोनियो स्पर्स, सातपैकी चार आधी जिंकेल तो चॅम्पियन. तेव्हा त्या आपल्याकडे सकाळी साडेसहाला लागायच्या आणि माझी कंपनीची बस आठला असायची. त्यामुळे बहुतेक मॅचचा शेवट मी बसमध्ये फोनवर आकडे बघत काढलाय. आता नीट बसून पाहिल्यावर जे डोक्यात घोळतंय ते इथे लिहितो.

विषय डॅनी ग्रीन. स्पर्सकडे टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली असताना पाच मॅच झाल्यावर सगळ्यांच्या तोंडी नाव होतं ते या माणसाचं. क्लीव्हलंडने सोडलेला, स्पर्सनेही एकदा काढून मग परत घेतलेला. पहिल्या पाच मॅचमध्ये त्याने ३८ थ्री (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला, तीन पॉइंटचा शॉट) मारले आणि त्यातले २५ आत गेले. एका फायनल मालिकेत सर्वाधिक थ्रीचा विक्रम तोवर रे ॲलनचा होता, २००८ मधले २२. ग्रीनने तो पाचव्या मॅचमध्येच मोडला, आणि रे ॲलन त्या वेळी समोरच्या संघात होता.

मग सहावी आणि सातवी मॅच. मारले ११, आत २. स्पर्स ३-२ने पुढे होते, ४-३ने हरले.

ग्रीनचा हात गार पडला, असं मीही इतकी वर्षं म्हणत आलोय. या वेळी मात्र बॉलकडे बघणं सोडलं आणि ग्रीनला धरणाऱ्या माणसाचे पाय बघत राहिलो. तिसऱ्या मॅचमध्ये (११३-७७, स्पर्सचे १६ थ्री, त्यात ग्रीनचे ७ आणि गॅरी नीलचे ६) पार्कर आत घुसला की ग्रीनचा माणूस एक-दीड पाऊल आत सरकतो, मदतीला. डिफेन्सची ही नेहमीचीच रीत. पण बॉल बाहेर ग्रीनकडे येईपर्यंत ते दीड पाऊल परत भरून निघत नाही. सहाव्या मॅचमध्ये तोच माणूस आत सरकायला तयार नाही. पार्कर आत घुसतोय, समोर जागा दिसतेय, तरी ग्रीनजवळचा माणूस त्याला सोडत नाही.

आता याची दुसरी बाजू बघा. ग्रीनला एक जण चिकटला म्हणजे आत मदतीला एक जण कमी. त्याच सहाव्या मॅचच्या पहिल्या हाफमध्ये ३७ वर्षांच्या डंकनने २५ पॉइंट केले! ग्रीनने त्या मॅचमध्ये एकच थ्री घातला, पण आधीच्या पाच मॅचमधल्या त्याच्या थ्रींनी डंकनला मोकळं रान करून दिलं होतं.

उलट टोकाला मायामीचा शेन बॅटिए. त्याचा थ्री त्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) इतका आटला होता की कॉन्फरन्स फायनलच्या (फायनलआधीची मालिका) सातव्या मॅचमध्ये कोचने त्याला उतरवलंच नाही. फायनलच्या सातव्या मॅचमध्ये स्पर्सचं सगळं लक्ष लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड या मायामीच्या मुख्य खेळाडूंना आत येऊ न देण्यावर होतं, बॅटिए बाहेर मोकळा. त्याने ८ पैकी ६ घातले. लेब्रॉनलाही ते मालिकाभर लांबूनच धरत होते, तू बाहेरून मार म्हणून. त्या दिवशी त्याने ५ थ्री आणि एकूण ३७ पॉइंट केले. मायामी ९५-८८.

थ्री पडायला लागले की पॉइंट मिळतात, ते आहेच. पण मालिका फिरते ती समोरच्यांनी उभं कुठे राहायचं हे बदलल्यामुळे, असं मला आता वाटतं. ज्याचा हात तापलाय त्याला माणूस चिकटतो, ज्याचा गार पडलाय तो मोकळा राहतो. सात मॅच त्याच संघाशी असतात, म्हणून आधीच्या मॅचचं देणं पुढच्या मॅचमध्ये चुकवावं लागतं.

तुमच्या पाहण्यातल्या अशा मालिका सांगा.

---

गणितवेडा

धागा आवडला, पण माझं मत थोडं वेगळं आहे. पाय बघण्याआधी जरा हिशेब करू.

एक संघ मॅचमध्ये ४० थ्री मारतो (हल्ली हे नेहमीचं आहे) आणि त्याची खरी कुवत ३५ टक्के आहे असं धरा. सरासरी १४ आत जातील. पण निव्वळ योगायोगाने हा आकडा तीन वर किंवा तीन खाली सहज जातो. म्हणजे ११ ते १७ यांतलं काहीही अगदी सामान्य. तीन थ्री म्हणजे नऊ पॉइंट. समोरचा संघही तसाच, तोही तितकाच वर-खाली होणार. दोन्हींचं मिळून केलं तर अगदी बरोबरीच्या दोन संघांत फक्त थ्रीच्या चढउतारामुळे साधारण १३ पॉइंटचा फरक पडू शकतो. कोणी काही वेगळं केलेलं नसताना!

२०१० ची फायनल आठवा, बॉस्टन सेल्टिक्स विरुद्ध लॉस एंजेलिस लेकर्स. सेल्टिक्सच्या रे ॲलनने दुसऱ्या मॅचमध्ये ८ थ्री घातले, तो तेव्हाचा फायनलमधला विक्रम. सेल्टिक्स जिंकले. दोनच दिवसांनी तिसऱ्या मॅचमध्ये त्याच रे ॲलनने १३ शॉट मारले, त्यातले ८ थ्री, आणि एकही आत गेला नाही. तेरापैकी शून्य. लेकर्स जिंकले, पुढे मालिकाही ४-३ने त्यांचीच. जगातल्या सर्वांत चांगल्या शूटरपैकी एक, दोन दिवसांत दोन टोकं. यात डिफेन्सचा वाटा असेल, पण सगळा नाही.

---

पहाटेचा प्रेक्षक

२०१८, वेस्टची (पश्चिम विभागाची) फायनल, सातवी मॅच, ह्यूस्टन रॉकेट्स विरुद्ध वॉरियर्स. अजून आठवलं की पोटात कालवतं. हाफला रॉकेट्स ११ने पुढे, आपल्याच घरी. मग सलग २७ थ्री हुकले. सत्तावीस! मॅचभरात ४४ पैकी ७. हरले १०१-९२. ती मॅच जिंकले असते तर पुढे क्लीव्हलंडला हरवून चॅम्पियन झाले असते असं माझं ठाम मत आहे. त्या सव्वीस-सत्तावीस शॉटमधले पाच जरी पडले असते तर त्या संघाकडे आज लोक वेगळ्या नजरेने बघत असते.

---

गणितवेडा

@पहाटेचा प्रेक्षक, ३५ टक्क्यांच्या हिशेबाने ठरावीक २७ शॉट ओळीने हुकण्याची शक्यता लाखात एकाहूनही थोडी कमी येते. ४४ शॉटमध्ये अशी रांग कुठूनही सुरू होऊ शकते, ते धरलं तर ती वाढते, तरी साधारण सोळा हजारांत एकदाच. म्हणून मी स्वतःच्या विरोधात एक मुद्दा मांडतो: इथे नुसता योगायोग पुरत नाही. ३५ टक्के हीच त्या दिवशीची खरी कुवत होती का, हे विचारायला हवं.

---

वऱ्हाडी कोच

गणितवेडा भाऊ, मी सांगतो. नव्हती.

क्रिस पॉल मांडीचा स्नायू दुखावल्यामुळे बाहेर होता. त्याचं बॉल फिरवायचं काम इतरांवर आलं. रॉकेट्स ठरावीक सात-आठ जणांवरच खेळायचे. दुसऱ्या हाफमध्ये पाय संपले होते. बाहेरचा शॉट हाताने मारतात हा लोकांचा गैरसमज आहे. पायाने मारतात. गुडघा वाकतो, ताकद खालून वर येते, मनगट फक्त दिशा देतं. पाय थकले की बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. मुलींना मी नेहमी सांगतो, बॉल डावी-उजवीकडे गेला तर हात तपासा, पुढच्या कडेला लागला तर पाय तपासा.

मी नागपूरकडे शाळकरी मुलींना शिकवतो. आमचं कोर्ट सिमेंटचं, वर छप्पर नाही. दुपारनंतर वारा सुटतो, रिंग उन्हात तापलेली. अशा कोर्टावर आम्हाला लहानपणी शिकवलं ते एकच, आत घुसा, लेअप करा (रिंगजवळ जाऊन बॉल हलकेच टाका), बाहेरून मारणं म्हणजे बॉल फुकट देणं. माझ्या पिढीतले किती तरी चांगले खेळाडू बाहेरून मारायला शिकलेच नाहीत. आता मुली मोबाइलवर वॉरियर्सच्या स्टेफन करीला बघून येतात आणि पहिल्या दिवसापासून सात मीटरवरून मारायला लागतात. मी थांबवत नाही, जवळून सुरू करायला लावतो. एक हात मागे, एका हाताने, रिंगपासून चार फुटांवर. रोज एक पाऊल मागे, पण पाच ओळीने आत गेले तरच.

गेल्या हंगामात जिल्ह्याच्या फायनलला आमची एक मुलगी पहिल्या हाफमध्ये चार थ्री घालून गेली. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांनी तिच्यावर एक मुलगी लावली, ती बॉलकडे बघतच नव्हती, फक्त हिच्याकडे. आमची मुलगी रडकुंडीला आली, मला बॉलच मिळत नाही सर, म्हणाली. मी म्हटलं, तू फक्त कोपऱ्यात जाऊन उभी राहा, तिला सोबत घेऊन. बाकीच्या चौघी चार विरुद्ध चार खेळल्या, आत जागाच जागा. दोन पॉइंटने जिंकलो. धागाकर्त्यांनी डंकनचं लिहिलंय ना, ते वाचून तीच मॅच डोळ्यासमोर आली.

---

बे एरियातून

वऱ्हाडी कोच, तुमचा प्रतिसाद वाचून २०२२ आठवलं. मी इथे सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. वॉरियर्स म्हणजे घरचा संघ, नवरा आणि मी दोघंही वेडे.

त्या फायनलमध्ये सगळंच घडलं. पहिली मॅच आमच्या घरच्या कोर्टवर, तीन क्वार्टर संपले तेव्हा आम्ही पुढे. चौथ्यात सेल्टिक्स ४०-१६. एकूण २१ थ्री, त्यातले सहा अल हॉरफर्डचे. तो माणूस त्याआधी कधी फायनल खेळलाच नव्हता. चौथ्या मॅचमध्ये आम्ही २-१ने मागे, बॉस्टनमध्ये, आणि स्टेफन करीने ४३ पॉइंट केले, सात थ्री. बॉस्टनचे लोक डोकं धरून बसले होते.

पण मला सांगायचंय ते पाचव्या मॅचबद्दल. करीने नऊ थ्री मारले, नऊही हुकले. त्याआधीच्या १३२ प्लेऑफ मॅचमध्ये ओळीने त्याने निदान एक तरी थ्री घातलेला होता. ती साखळी नेमकी फायनलमध्ये तुटली. आणि आम्ही १०४-९४ने जिंकलो! अँड्र्यू विगिन्सने २६ पॉइंट केले आणि १३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) घेतले. मॅच पुन्हा पाहाल तर दिसेल, करीकडे बॉल नसतानाही दोन-दोन जण त्याच्या दिशेने झुकलेले, आणि विगिन्स मधल्या मोकळ्या वाटेने आत. चौथ्या मॅचच्या ४३ पॉइंटांचा धाक पाचव्या मॅचमध्ये कामी आला. सहाव्यात करीने ३४ केले आणि ट्रॉफी आमची.

---

गणितवेडा

हे मला पटतंय. 'धाक' हा शब्द चांगला आहे. तो माझ्या टक्केवारीत कुठेच दिसत नाही, कारण त्याचे पॉइंट दुसऱ्याच्या नावावर लागतात.

एक जुना वाद इथे सांगायलाच हवा. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी फिलाडेल्फियाच्या संघाचे शॉट तपासून लिहिलं की 'हात तापणे' हा प्रेक्षकांना होणारा भास आहे. दोन-तीन आत गेल्यावर पुढचा जाण्याची शक्यता वाढत नाही. तीसेक वर्षं हेच शेवटचं उत्तर मानलं गेलं. मग मिलर आणि सान्हुर्हो या दोघांनी त्या मोजणीतच खोट दाखवली, त्यांचा निबंध २०१८ मध्ये छापून आला.

खोट इतकी साधी आहे की घरी करून बघता येते. नाणं तीनदा उडवा. आठ प्रकारे निकाल लागू शकतो. प्रत्येक प्रकारात बघा, छाप्यानंतर लगेच छापा किती वेळा आला. छापा-छापा-छापा असेल तर नेहमी. छापा-छापा-काटा असेल तर निम्म्या वेळा. काटा-छापा-छापा, नेहमी. छापा-काटा-छापा, छापा-काटा-काटा आणि काटा-छापा-काटा या तिन्हींत कधीच नाही. उरलेल्या दोन प्रकारांत छाप्यानंतर काही येतच नाही, ते सोडून द्या. आता सहांची सरासरी काढा: अडीच भागिले सहा, म्हणजे सुमारे ४२ टक्के. नाणं तर ५०-५० आहे! म्हणजे छोट्या रांगांमध्ये अशी सरासरी काढली की खरा आकडा असतो त्याहून कमी दिसतो. खेळाडूचा आकडा तसाच राहिलेला दिसत असेल, तर प्रत्यक्षात त्याचा हात थोडा तापलेला होता.

मी कॉलेजात वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं की हा भास आहे. ही दुरुस्ती वाचल्यावर तो तास बदलला.

---

नागपाडाकर

मी नागपाड्यात बास्केटबॉलच्या मैदानाशेजारी वाढलो. ज्याने खेळलंय त्याला हात तापतो हे कोणी सांगावं लागत नाही. रिंग मोठी दिसते. त्याच वेळी माणूस जास्त लांबून, जास्त घाईत मारायला लागतो, म्हणून टक्केवारीत दिसत नाही. एवढंच.

२०१३ चा धागा आणि सहाव्या मॅचच्या त्या थ्रीबद्दल अजून कोणीच लिहिलं नाही? २८ सेकंद उरले असताना स्पर्स पाचने पुढे. कोर्टच्या कडेने पिवळी दोरी धरून माणसं उभी राहिलेली, ट्रॉफीची तयारी. लेब्रॉनने एक थ्री घातला. मग स्पर्सच्या कवाय लेनर्डची दोनपैकी एक फ्री थ्रो (फाउलनंतरचा, कोणी न अडवता मारायचा एका पॉइंटचा शॉट) हुकली, फरक तीन. लेब्रॉनने परत मारला, हुकला. मायामीच्या बॉशने रिबाउंड घेतला. आणि रे ॲलन त्या क्षणी काय करतोय बघा. तो रिंगखालून उलट पावली कोपऱ्यात जातोय, खाली रेषेकडे न बघता. तीन-चार छोटी पावलं, बॉल हातात, पाय रेषेच्या बाहेर, उडी. ५.२ सेकंद उरले, ९५-९५. ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरचा जादा वेळ) मायामी १०३-१००.

रे ॲलन हा सराव वर्षानुवर्षं करायचा. रिंगसमोर जमिनीवर आडवं पडायचं, उठायचं, उलट पावली कोपऱ्यात जायचं, पास घ्यायचा, मारायचा. कोपऱ्यात बाजूची रेषा आणि थ्रीची रेषा यांत एक मीटरही जागा नसते, मोठ्या बुटांचा माणूस कसाबसा मावतो. एक पाऊल कमी पडलं असतं तर दोनच पॉइंट, मालिका तिथेच संपली असती. त्याला कोणी नशीब म्हटलं की मला त्रास होतो.

---

पहाटेचा प्रेक्षक

@नागपाडाकर, +१. आणि त्या रिबाउंडच्या वेळी स्पर्सचा तेव्हाचा कोच पोपोविचने डंकनला बाहेर बसवलं होतं. तो आत असता तर बॉशला बॉल मिळाला असता का?

---

कोपऱ्यातला थ्री (धागाकर्ता)

डंकनचा वाद मी मुद्दाम टाळला होता :) पण त्याचंही मूळ थ्रीच्या धास्तीत आहे. मायामीला तीन पॉइंट हवे होते, म्हणून बाहेर धावू शकतील अशी माणसं पोपोविचने ठेवली. ठरवून केलेलं होतं ते, आणि रिबाउंडला महाग पडलं. त्या जागी मीही तेच केलं असतं.

गणितवेडा यांच्यासाठी एक कबुली. काल दुसरी मॅच परत लावली. ग्रीनने त्या दिवशी ५ पैकी ५ थ्री घातले, आणि स्पर्स १०३-८४ने हरले. मायामीने मधल्या टप्प्यात ३३-५ असा सपाटा लावला. म्हणजे एकाचा हात कितीही तापला तरी बॉलच हातचे जात असतील तर उपयोग नाही. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

---

बे एरियातून

महिलांचं कोणीच लिहिलं नाही, मी लिहिते. २०२४ ची डब्ल्यूएनबीए फायनल, न्यूयॉर्क लिबर्टी विरुद्ध मिनेसोटा लिंक्स. तिसऱ्या मॅचमध्ये सब्रिना आयोनेस्कूने शेवटच्या सेकंदाला २८ फुटांवरून थ्री घातला, ८०-७७. रेषेच्या कितीतरी मागून. आणि पाचव्या, शेवटच्या मॅचमध्ये तिने १९ शॉट मारले, आत एकच. लिबर्टी तरीही ओव्हरटाइममध्ये ६७-६२ने जिंकले, त्यांची पहिली ट्रॉफी. मिनेसोटाने तिला शेवटपर्यंत मोकळं सोडलं नाही. तिसऱ्या मॅचमध्ये जे पाहिलं होतं ते विसरायला कोणी तयार नव्हतं.

वऱ्हाडी कोच, तुमच्या मुलींना ही पाचवी मॅच दाखवा. तिसरी त्यांनी पाहिलेलीच असेल.

---

वऱ्हाडी कोच

ताई, नक्की दाखवतो. आयोनेस्कूचे ते १८ हुकलेले शॉट दाखवतो आणि प्रत्येक शॉटनंतर ती मागे धावताना कशी धावते ते बघायला लावतो. शूटरचं खरं रूप तिथे दिसतं. हुकल्यावर जी मुलगी रिंगकडे बघत उभी राहते, तिचा माणूस समोरच्या बाजूला मोकळा सुटतो. आपले तीन गेलेच, वर समोरच्यांचे दोन, म्हणजे तीनचे पाच होतात.

---

कोपऱ्यातला थ्री (धागाकर्ता)

डॅनी ग्रीनचं पुढचं सांगायचं राहिलं. २०१४ मध्ये त्याच स्पर्सने त्याच मायामीला ४-१ने हरवलं, ग्रीन संघात होता. २०१९ मध्ये टोरोंटोकडून जिंकला. २०२० मध्ये तो लेकर्सकडे, लेब्रॉनच्या सोबत, आणि फायनलला समोर परत मायामी. लेकर्स ३-१ने पुढे, पाचवी मॅच, शेवटचे काही सेकंद, लेकर्स एकने मागे. त्या प्लेऑफमध्ये ग्रीनचा थ्री पडत नव्हता.

लेब्रॉन आत घुसला. मायामीची सगळी माणसं त्याच्याकडे धावली, ग्रीनला धरणाराही. लेब्रॉनने बॉल बाहेर टाकला, रिंगच्या समोर थ्रीच्या रेषेबाहेर, ग्रीन एकटा. २०१३ मध्ये ज्याला मायामीने दोन मॅच सोडलं नाही, त्याला या वेळी मायामीनेच मोकळं सोडलं होतं. शॉट हुकला, मायामी १११-१०८. दोन दिवसांनी लेकर्स सहावी मॅच आणि ट्रॉफी जिंकले.

तो शॉट मी काल रात्री चार वेळा पाहिला. वऱ्हाडी कोच, तुम्ही सांगितलंत म्हणून या वेळी बॉल रिंगच्या कुठल्या कडेला लागतो ते बघितलं. पुढच्या.